एक जेट मागे

आमच्या दाजींना इंजिनाशी बोलताना पाहिलेली माणसं धक्क्यावर ढिगाने सापडतील. बायकोशी बोलताना त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नाही, कारण त्या घरात बोलायचं खातं माझ्या ताईकडे होतं. बोलायचं म्हणजे ओरडायचं. "अहो, जेवायला चला!" ही हाक दुकानाच्या माडीवरून निघाली की पलीकडच्या गल्लीतला शिंपी कात्री खाली ठेवून जेवायला उठायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण धक्क्यावर लहानथोर सगळेच त्यांना दाजी म्हणतात, त्यामुळे तिथल्या झाडून सगळ्या बायका तुमच्या मेहुण्या झाल्या, असं मी त्यांना चिडवते. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची हा त्यांचा धंदा. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानाच्या भिंतीवर पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्यामागे त्याचाच आकार पांढऱ्या रंगाने काढलेला, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच दिसावं. टेबलावर ताईच्या स्वयंपाकघरातून पळवलेलं पातेलं, त्यात पेट्रोलमध्ये भिजत घातलेले सुटे भाग. ते पातेलं परत मिळावं म्हणून ताईने पहिली काही वर्षं भांडून पाहिलं, मग नाद सोडला.

त्यांचं नाव झालं ते कानामुळे. होडी धक्क्याला लागायच्या आत तिच्या इंजिनात काय बिनसलंय ते सांगणार, आणि उघडून बघितलं की तेच निघणार. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "दाजी, कसला तरी आवाज येतोय," आणि दाजी म्हणाले, "नाही येत," तर ते गिऱ्हाईक आपलेच कान खराब झाले असतील असं समजून घरी जायचं. मी हे थट्टेने लिहीत नाही. मीही त्यांतलीच.

ताईच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हापासून तिचा आवाज आणखीच चढला. लोक म्हणायचे, दुखण्याने बाई चिडखोर झाली, आणि दाजी बिचारे या कानाने ऐकतात नि त्या कानाने सोडून देतात. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, माणूस हातभरावर उभा आहे. कशाला बेंबीच्या देठापासून ओरडतेस?" तर म्हणाली, "माझा नवरा, माझा घसा. तुझं काय जातं?" आजारी माणसाशी कोण वाद घालणार?

आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. हॉस्पिटल खाडीच्या पलीकडच्या काठावर, अगदी समुद्राच्या तोंडाशी. पूल दुरुस्तीला काढलेला, आणि रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस गाडीत हाडं खिळखिळी होणार. म्हणून माझी होडी. मी माल आणि माणसं नेते-आणते. होडी माझी, आणि मागच्या फळीला टांगलेलं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनही माझंच. इंजिन वयाने माझ्याहून थोडंच लहान असेल. नवं घ्यायची ऐपत नव्हती, तो विषयच नको.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उथळ पट्टा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समुद्राची लाट आत शिरत असते, आणि दोघांची गाठ पडते ती नेमकी या पट्ट्यावर. तिथे पाणी उभं राहतं. इंजिनात दम असेल तर होडी कापत जाते. नसेल तर तिथेच लटकते. एका दुपारी डायलिसिसहून परत येताना आम्ही अशाच लटकलो. रेस पूर्ण दिलेली, इंजिन बोंबलतंय, आणि होडी वाटेची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या लाल बोयाच्या शेजारीच उभी. पुढे नाही, मागे नाही. ताईचं रक्त नुकतंच मशीनमधून फिरून आलेलं, ती आधीच पांढरीफटक. तिने दाजींच्या खांद्यावर मान टाकली आणि डोळे फिरवले. दाजींनी तिला मांडीवर आडवं घेतलं, तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. मला सुकाणूचा दांडा सोडता येईना. मी बोया बघत होते आणि ताईचा श्वास चालू आहे का हे दाजींच्या चेहऱ्यावरून वाचत होते. पाण्याचा जोर ओसरला तेव्हा कुठे आम्ही सुटलो, आणि धक्क्यावर येईपर्यंत ती शुद्धीवर आली.

होडी बांधल्या बांधल्या दाजींनी इंजिनाचे स्क्रू ढिले करायला घेतले.

"काय करताय?" मी विचारलं.

"याला जवान करतोय," ते म्हणाले. "पुन्हा ती बोयाजवळ अशी पडता कामा नये."

टू-स्ट्रोकला जवान करायच्या युक्त्या दाजींना तोंडपाठ होत्या. सिलिंडर उघडून जळका धूर बाहेर पडायच्या खिडक्या त्यांनी कानशीने वरच्या अंगाने किंचित वाढवल्या. किंचित म्हणजे नखाच्या कडेएवढ्या. जास्त खाल्लं तर सिलिंडर भंगारात. घासून झालं की बोट आत फिरवायचे, डोळे मिटून, आणि पुन्हा दोन हात मारायचे. वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून पातळ केलं, म्हणजे आतली दाबाची जागा कमी आणि स्फोटाचा तडाखा जास्त. पाण्यातला पंखाही बदलला. ताई माडीवरून ओरडत होती, "अहो, चहा गार होतोय!" आणि हे मान खाली घालून घासत होते. मी चहा खाली आणून त्यांच्या हातात दिला तेव्हा म्हणाले, "अरे वा, आज न सांगता चहा!"

राहिला होता कार्बोरेटर. त्यात जेट नावाचा पितळेचा एक चिमुकला तुकडा असतो, मध्ये सुईने पाडावं तसं भोक. भोक बारीक केलं की पेट्रोल कमी जातं, हवा जास्त, आणि इंजिन चेकाळतं. आणखी बारीक केलं की आणखी पळतं. पण तेवढंच तापतंही, आणि हद्द ओलांडली की आतला जाळ भलत्याच वेळी भडकायला लागतो. तेव्हा आतून टिकटिक येते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. दाजी तिला खडेच म्हणतात. खडे वाजत असताना इंजिन दामटलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि कारभार आटोपतो.

त्यांचा नियम साधा होता. खडे वाजेपर्यंत जेट बारीक करत जायचं, आणि वाजले की एक जेट मागे. "इंजिन मरायच्या आधी सगळ्यात गोड पळतं, मेहुणीबाई," ते मला नेहमी सांगायचे. "लोक त्या गोडव्याला भुलतात. आपण एक जेट मागे यायचं."

होडी जाड दोराने धक्क्याच्या खांबाला बांधली आणि मी दांड्यावर बसले. दोर ताणला की इंजिनावर खराखुरा भार येतो. मी पूर्ण रेस द्यायची, दाजींनी कान देऊन ऐकायचं, बंद करायचं, जेट बदलायचं, पुन्हा सुरू. प्रत्येक खेपेला इंजिन जास्त तरतरीत होत गेलं. दोर असा ताणला की खांब करकरला. आणि शेवटच्या दोन जेटांना मला काहीतरी ऐकू आलं. बारीक. टिकटिक.

मी दाजींकडे पाहिलं. ते मान तिरकी करून, अर्धे डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी अंगठा वर केला.

"काही वाजत नाहीये ना?" मी विचारलं.

"काही नाही. झकास आहे."

पायाशी हत्यारांची पेटी होती. तीच थरथरत असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ती उचलून धक्क्यावर ठेवली. पेटी ठेवल्यावर पुन्हा ऐकायला हवं होतं, पण दाजींनी झकास म्हटल्यावर ऐकायचं काय उरतं? स्पार्क प्लग काढून बघितले तर फिकट होते, आणि फिकट प्लग म्हणजे आत जास्त तापल्याची खूण. "नवे आहेत," दाजी म्हणाले, "रंग धरायला वेळ लागतो." तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला घेऊन निघालो. ओहोटी लागलेली, वारा समोरून. ताई होडीच्या मध्यावर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून बसलेली, तोंड माझ्याकडे. दाजी तिच्या शेजारी, हात तिच्या पाठीमागून टाकून. मी रेस दिली आणि होडीने नाक वर केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी होडी पळाली. दाजी लहान मुलासारखे हसले. "बघ!" ते ताईला म्हणाले. "बघ कशी जाते!" ताईही हसली, आणि मी त्या हसण्यासाठी इंजिनाच्या पाया पडायला तयार होते.

लाल बोया आला आणि गेलासुद्धा. पुढे पट्टा. पहिली लाट उभी राहिली, होडी चढली, आपटली. दुसरी. इंजिनावर आता खरा भार आला, आणि खडे वाजायला लागले.

आता पेटीचा बहाणा नव्हता. पत्र्याचा डबा कुणीतरी माझ्या पाठीशी धरून हलवत होतं. मी दाजींकडे पाहिलं. ते समोरच्या लाटेकडे बघत होते, चेहऱ्यावर तेच हसू. मी ताईकडे पाहिलं. तिचं हसू गेलं होतं. इंजिनांच्या दुकानावर संसार केलेली बाई ती. खडे काय असतात हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली.

मी मान हलवली.

"रेस कमी कर!"

"नाही करता येत! होडी आडवी होईल!"

खोटं नव्हतं. नाक लाटेवर धरायचं तर जोर लागतो. जोर गेला की होडी फिरते, आणि फिरलेली होडी त्या पट्ट्यावर उलटी व्हायला वेळ लागत नाही. ताईला पोहता येत होतं ते दुखण्याच्या आधी.

"अहो!" ताई ओरडली. "खडे वाजतायत!"

दाजी वळले. "काय?"

"खडे!"

"हो, हो, पोचतोच आपण!"

इंजिनाचा सूर थोडासा खाली आला. रेस तेवढीच, पण सूर खाली. म्हणजे आत पिस्टन धरायला लागला होता. मी दांडा दोन्ही हातांनी धरला.

तेव्हा ताईने प्लास्टिकमधून हात बाहेर काढले, दाजींचा चेहरा दोन्ही बाजूंनी पकडला आणि आपल्या तोंडासमोर आणला.

"तुम्हाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. ओरडली नाही, एकेक शब्द सुटा करून बोलली. "बारीक आवाज तुम्हाला कधीचे ऐकू येत नाहीत. खडे वाजतायत. इंजिन जातंय."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. "खरं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

ते गुडघ्यांवर माझ्याकडे आले. तळवा इंजिनाच्या टोपणावर ठेवला आणि झटकन काढला. "रेस सोडू नकोस," ते माझ्या कानाशी म्हणाले. "काही झालं तरी सोडू नकोस. ऑइल पेट्रोलातूनच येतं. रेस बंद केलीस तर ऑइल बंद, आणि जागच्या जागी जाम." मग इंजिनाच्या पुढचा चोकचा खटका दोन बोटांत धरून त्यांनी तो हळूच, अर्धाच, बाहेर ओढला.

चोक म्हणजे गार इंजिन सुरू करताना हवा अडवून जास्तीचं पेट्रोल पाजायची सोय. पळत्या इंजिनाला तो कुणी ओढत नाही. इंजिन खोकलं, अडखळलं, निळा धूर आमच्या अंगावर आला. होडीचा वेग निम्मा झाला. पुढची लाट आमच्याहून उंच होती. दाजींचं बोट खटक्यावर आणि डोळे माझ्यावर. "वाजतायत?" ते विचारत होते. "अजून वाजतायत?"

"कमी झाले!"

त्यांनी खटका केसभर आणखी ओढला. लाट खालून गेली. पाणी आत आलं, ताई मांडीपर्यंत भिजली. इंजिन धूर ओकत, रडतखडत चाललं होतं, पण चाललं होतं.

"आता?"

"थांबले!"

पट्टा मागे पडला. पुढे पाणी शांत होतं. त्यांच्या खुणेसरशी मी रेस हळूहळू उतरवली.

ताईला हॉस्पिटलात सोडून मी तिथल्या धक्क्यावर परत आले तेव्हा दाजींनी प्लग काढले होते. पांढरे फटफटीत, आणि टोकावर चमकीसारखे चंदेरी कण. "पिस्टन वितळायला लागला होता," ते म्हणाले. मी रागाने फुटायच्याच बेतात होते. दोन शब्द तोंडात आलेही होते. पण ते प्लग तळहातावर घेऊन असे बसले होते की मी शेजारी बसले.

"किटलीची शिट्टी येत नाही, ते मला ठाऊक होतं," दाजी म्हणाले. "दारावरची बेल येत नाही. पण इंजिन ऐकू येतं गं. इंजिन तर येतंच. त्यातलं काय गळलंय, ते कसं कळणार?"

मग आम्ही वॉर्डात गेलो. ताईच्या दंडातून नळ्या मशीनकडे गेलेल्या. दाजी नेहमीच्या स्टुलावर बसले, भिजलेली विजार, काळे हात. मी दारात उभी होते. थोड्या वेळाने मशीनवर लाल दिवा लागला आणि पीं पीं सुरू झालं. दाजी ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांची पापणीही हलली नाही. ताईने मोकळा हात वर केला. सिस्टर आली, नळीची मुरड सरळ केली, बटण दाबलं, गेली. दाजींनी सिस्टरकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

"हे वाजलं?"

"वाजलं," ताई म्हणाली.

"नेहमी वाजतं?"

"अधूनमधून. मी बोलावते की सिस्टरला."

दाजींनी स्टूल मशीनकडे वळवून घेतलं. "मला वाटायचं, मी तुझी राखण करायला बसतो इथे."

"बसताच की."

"आणि तू म्हणून ओरडायचीस."

ताईने डोळे मिटून घेतले. "लोकांना कळलं असतं तर कुणी इंजिन आणलं असतं तुमच्याकडे? त्यापेक्षा मला कजाग म्हटलेलं परवडलं."

मला शिंप्याची कात्री आठवली. आणि 'तुझं काय जातं' आठवलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नाक पुसून आले.

त्या दिवशी परतताना दाजींनी जुनं, मोठ्या भोकाचं जेट घातलं आणि आम्ही ओहोटी संपायची वाट बघून हळूहळू आलो. पिस्टन बदलला. मग ताईला जरा बरं होतं अशा एका सकाळी होडी पुन्हा दोराने खांबाला बांधली. धक्क्यावरची चार रिकामी माणसं बघायला जमली होती. दाजींनी त्यांच्यादेखत ताईसाठी खुर्ची मागवून ती होडीत इंजिनाजवळ ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. आजपासून हिचे कान." एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत.

ताईने त्यांचं मनगट धरलं. वाजलं की दाबायचं, एवढंच ठरलं होतं. मी रेस दिली, ते जेट बदलत गेले. दोर ताणला, खांब करकरला, इंजिन गोड व्हायला लागलं. मी कान टवकारून बसले होते, आणि मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं, तेवढ्यात ताईने मनगट दाबलं.

दाजींनी इंजिन बंद करायला लावलं. एक जेट मागे आले. पुन्हा सुरू केलं. पूर्ण रेसवर ताईचा हात त्यांच्या मनगटावर नुसता पडून राहिला. त्या जेटवर आम्ही आजही पट्टा ओलांडतो.

मी इंजिन थांबवलं. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत ताई दाजींकडे तोंड करून काहीतरी बोलली, इतकं हळू की मलाही कळलं नाही. दाजी तिच्या ओठांकडे बघत होते. मग हा पन्नाशी उलटलेला माणूस खाली वाकून उगाचच हत्यारांच्या पेटीत पाना शोधायला लागला.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"तुला कशाला?" ताई म्हणाली. "ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इतके दिवस राहून गेलं होतं."